युगांडातल्या अनाथ मुलाचं शैक्षणिक पालकत्व: काय तपासायचं, पैसे कसे पाठवायचे?

देवराई

आम्ही सहा जण मिळून युगांडातल्या एका मुलाचं किंवा मुलीचं शैक्षणिक पालकत्व घ्यायचं म्हणतोय. प्रत्येकी चारशे, म्हणजे दरमहा २,४०० रुपये. सोशल मीडियावर तिकडच्या एका अनाथाश्रमाचं पान आहे. मुलांच्या नाचाचे व्हिडिओ, खाली एक मोबाइल नंबर आणि त्यावर पैसे पाठवा अशी विनंती. हे कितपत खात्रीचं? संस्था कशी पारखायची? भारतातून पैसे कायदेशीर कसे जातात? आणि किती वर्षांची तयारी ठेवायची?

आपल्याकडे गरज असताना तिकडे कशाला, हा वाद कृपया या धाग्यावर नको. त्यासाठी वेगळा धागा काढा.

नाईलकाठ

त्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. ज्या आश्रमाची कमाई मुलांच्या डोक्यांवर मोजली जाते, त्याला मूल घरी परत गेलेलं परवडत नाही. कॅमेऱ्यापुढे नाचवलेली मुलं हे तिथलं भांडवल असतं.

'अनाथ' शब्दाचं आधी बघू. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत आई किंवा वडील, एक जरी गेलं तरी अठरा वर्षांखालचं मूल अनाथ धरतात. मराठीत अनाथ म्हटलं की जगात कुणीच नाही असं पोर डोळ्यांपुढे येतं. युगांडात मात्र अशा बहुतेक मुलांची आई असते, नाहीतर जाजा असते. लुगांडा भाषेत आजीला आणि आजोबांनाही जाजाच म्हणतात. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या रकाई जिल्ह्यात १९८२ साली एड्सचे पहिले रुग्ण सापडले. माणूस वाळत जायचा म्हणून लोक त्या आजाराला 'स्लिम' म्हणायचे. रकाई-मसाका पट्ट्यात मधली पिढीच्या पिढी गेली आणि नातवंडं जाजाच्या पदरात पडली. उत्तरेला गुलू, कित्गुमकडे लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेच्या युद्धाने हेच केलं.

म्हणजे मुलाला घर बहुधा असतं, फक्त त्या घरात फीचे पैसे नसतात. तिथे पैसे दिले तर मूल घरीच राहून शिकतं. आश्रमाला दिले की पुढच्या गावातली आजी शाळेच्या आशेने आपलं नातवंड आश्रमात नेऊन सोडते. दोन्हीकडे खर्च शिक्षणावरच झाला असं वाटतं, पण दुसऱ्यात एक घर मोडलेलं असतं.

सनदशीर

नाईलकाठ यांच्याशी सहमत. कागदांचं सांगतो.

युगांडाची २०१२ ची पर्यायी संगोपनाची चौकट आणि २०१६ मध्ये दुरुस्त झालेला बालक कायदा, दोन्हींचा क्रम एकच आहे: आधी स्वतःचं कुटुंब, मग नातेवाईक, मग पालक-कुटुंब (मूल सांभाळायला घेणारं दुसरं कुटुंब) आणि अगदी शेवटी संस्था. मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थेकडे लिंग, श्रम व समाजविकास मंत्रालयाची 'मान्य बालगृह' ही परवानगी लागते. मूल तिथे जिल्ह्याच्या प्रोबेशन अधिकाऱ्यामार्फत (मुलांचं हित बघणारा सरकारी अधिकारी) आणि कुटुंब व बाल न्यायालयाच्या आदेशावर येतं. 'गावच्या पाद्रीबाबांनी आणून दिलं' याला कायद्यात जागा नाही.

मूल घरी ठेवून मदत करणाऱ्या संस्थेकडे मागायचे कागद वेगळे: कंपनी निबंधकाकडचं नोंदणीपत्र, २०१६ च्या कायद्याखालचा स्वयंसेवी संस्थेचा परवाना, त्या जिल्ह्याची मान्यता आणि स्थानिक प्रशासनाबरोबरचा करार, मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि बालसंरक्षण धोरण.

घोळ जिल्ह्याच्या मान्यतेत सापडतो. नुसत्या परवान्यावर देशभर काम करता येत नाही, जिल्ह्यागणिक मान्यता लागते. मान्यता वाकिसो जिल्ह्याची आणि फोटो दुसरीकडच्या, बुसोगा भागातल्या मुलांचे, असं दिसलं तर सरळ विचारा. परवान्याची मुदतही वाचा, बऱ्याच वेबसाइटवर मुदत संपलेला कागद तसाच लटकत असतो. २०२४ च्या दुरुस्तीने हे परवाने देणारा एनजीओ ब्युरो गृहमंत्रालयात विलीन झाला. त्यामुळे जुन्या कागदावर ब्युरोचं आणि नव्यावर मंत्रालयाचं नाव दिसेल, तेवढ्याने घाबरू नका.

रानजाई

एक शंका. युगांडात प्राथमिक शिक्षण १९९७ पासून मोफत आहे, माध्यमिकसाठीही २००७ पासून सरकारी योजना आहे. मग फी कसली?

पाटीपेन्सिल

प्रश्न रास्त आहे. सरकारी शाळेत शिकवण्याची फी नाही, पण गणवेश, वह्या आणि दुपारचं जेवण हे घराला बघावं लागतं. जेवणाचे पैसे भरले नसतील तर मधल्या सुट्टीत बाकीची मुलं पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि घेवड्याची आमटी खातात आणि हे मूल झाडाखाली बसून राहतं. अशी मुलं दुपारनंतर शाळेत टिकत नाहीत. सरकारी योजनेतली माध्यमिक शाळाही प्रत्येक गावाजवळ नसते. लांबच्या शाळेला जायचं तर वसतिगृह, आणि मुलींच्या बाबतीत रोजच्या दोन तासांच्या पायपिटीपेक्षा घरच्यांना वसतिगृहच बरं वाटतं.

शिक्षणाची रचना सात, चार, दोन अशी आहे. पी-वन ते पी-सेव्हन, शेवटी पीएलई परीक्षा. मग एस-वन ते एस-फोर, शेवटी यूसीई. मग एस-फाइव्ह, एस-सिक्स आणि यूएसीई. गळती सगळ्यात जास्त दिसते ती पीएलई ते एस-वन या उडीत. पीएलई नोव्हेंबरात होते, निकाल जानेवारीत लागतो आणि जेमतेम काही आठवड्यांत एस-वनचे प्रवेश. तेवढ्यात पहिल्या सत्राची फी आणि शाळेने दिलेली सामानाची यादी, दोन्ही एकदम अंगावर येतं.

ही यादी देणगीदारांच्या हिशेबात नसते. वसतिगृहाच्या यादीत साधारण असतं: कुलपासह पत्र्याची ट्रंक, गादी, दोन चादरी, ब्लँकेट, मच्छरदाणी, प्लास्टिकचं घमेलं, पाण्याचा जेरीकॅन, ताट-मग, जाड बांधणीच्या वह्यांचा डझन, कंपासपेटी, छपाईच्या कागदाची एक-दोन रीमं, टॉयलेट पेपरचे रोल, झाडू, कुदळ, साखर, साबण. शाळेच्या दारात ट्रंक उघडून यादीशी ताडून बघतात. रीम कमी असली तर कुठे चालवून घेतात, कुठे परत पाठवतात. फी भरली आणि तरी मुलगी गादीवाचून घरी बसली, असं होतं ते यामुळे. संस्थेला विचारा: 'तुमच्या रकमेत शाळेची सामानाची यादी धरली आहे का?' उत्तर गुळमुळीत आलं तर समजा धरलेली नाही.

हिशेबवही

आता आकड्यांचं. रुपयाला चाळीसच्या आसपास युगांडन शिलिंग मिळतात. फी शाळेगणिक फार बदलते, म्हणून शाळेचं छापील फीपत्रक मागवल्याशिवाय रक्कम ठरवू नका. नुसतं गणित कसं मांडायचं ते दाखवतो.

समजा ग्रामीण वसतिगृह शाळेची सत्राची फी साडेचार लाख शिलिंग, म्हणजे ११,२५० रुपये. वर्षात तीन सत्रं, झाले ३३,७५०. सामानाची यादी पहिल्या वर्षी समजा तीन लाख शिलिंग, ७,५०० रुपये. दवाखाना, गणवेश, सुट्टीत घरी येण्या-जाण्याचं भाडं मिळून दोन लाख, ५,००० रुपये. बेरीज ४६,२५०. यात संस्थेच्या समाजसेवकाचा पगार आणि कचेरीचा खर्च अजून आलेलाच नाही. तुमचे दरमहा २,४०० म्हणजे वर्षाला २८,८००. वसतिगृहाला अपुरे, पण घरी राहून जवळच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला पुरण्यासारखे. म्हणून एक तर डे-स्कॉलर मूल घ्या, नाहीतर गट वाढवा. अर्धी फी भरणं म्हणजे न भरल्यासारखंच, कारण बाकी राहिली की मुलाला वर्गातून उठवून घरी पाठवतात.

आणि पैसे महिन्याला पाठवू नका, सत्राला पाठवा. सत्रं साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मेच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात.

पाटीपेन्सिल

याला जोडून: २०२० पासून खालच्या माध्यमिकचा अभ्यासक्रम बदलला. यूसीईचे २० टक्के गुण आता शाळेतल्या वर्षभराच्या कामाचे आहेत, ८० टक्के लेखी परीक्षेचे. फीपायी तीन आठवडे घरी बसलेल्या मुलाचे प्रकल्प हुकतात आणि ते गुण नंतर रात्र-रात्र अभ्यास करून भरून निघत नाहीत. उशिरा पोचलेली फी पूर्वीपेक्षा आता जास्त महागात पडते.

देवराई

फारच उपयोगी. आमच्यातला एक जण आधीच तयार झालाय गट वाढवायला. :) भारतातून पैसे पाठवायचं कुणी सांगेल का? बँकेत विचारलं तर एफसीआरए लागेल म्हणाले.

हिशेबवही

चुकीचं सांगितलं. एफसीआरए बाहेरून भारतात येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. तुमचे पैसे बाहेर जाणार, म्हणजे रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, बँकेच्या भाषेत एलआरएस. मर्यादा माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर, तुमचा त्या मर्यादेशी काही संबंध येणार नाही. पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो. फॉर्मवर हेतूचा संकेतांक भरायचा: परदेशातल्या धर्मादाय संस्थेला देणगी म्हणजे एस-१३०३. एस-१३०१ हा कुटुंबाच्या पोषणाचा आहे, काउंटरवर सवयीने तोच टाकतात आणि मग चौकशी मागे लागते. टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपुढच्या रकमेवरच आहे. ८०जी ची आयकर सवलत मिळणार नाही, ती परदेशी संस्थेच्या देणगीला नसते.

खर्च कुठे होतो? स्विफ्टचा (बँकांची परदेशी पैसे पाठवण्याची यंत्रणा) आकार दर खेपेला ठोक असतो आणि मधली बँकही आपला वाटा कापते. २,४०० रुपये दरमहा पाठवले तर मोठा हिस्सा त्यातच जाईल. सहा जणांचे पैसे एकाच्या खात्यावर गोळा करून सत्राआधी एकदा पाठवा, आणि फॉर्मवर 'सगळे आकार पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडा. नाहीतर तिकडे रक्कम तुटून पोचते आणि फी बाकी दिसते. मनी ट्रान्सफरच्या ज्या दुकानांतून परदेशातले पैसे इथे घेतो, त्यांची ती सोय फक्त पैसे येण्यासाठी आहे, तिथून पाठवता येत नाही.

'भारतातल्या ट्रस्टला देऊ, तो युगांडात पाठवेल' हाही मार्ग सुचवला जातो. भारतीय ट्रस्टने देशाबाहेर केलेला खर्च आयकरात सहसा धर्मादाय म्हणून धरत नाहीत, त्यामुळे नेटका ट्रस्ट हे करणार नाही. करतो म्हणाला तर परवानगी बघा. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी: तिथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत दिलंत तर गिफ्ट एड या करसवलतीमुळे पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून जास्तीचे मिळतात. गटात कुणी तिकडचं असेल तर तो रस्ता जास्त सोपा.

नाईलकाठ

तिकडच्या बाजूने बघू. बऱ्याच शाळा आता स्कूलपे वापरतात. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा पेमेंट कोड असतो आणि एमटीएन किंवा एअरटेलच्या मोबाइल मनीतून त्या कोडवर भरलेली फी थेट शाळेच्या खात्यात पडते. संस्थेला सांगा की फी कोडवरच भरा आणि पावती आम्हाला पाठवा. रोखीने दिलेल्या फीत मुख्याध्यापक, मामा, समाजसेवक असे तीन हात लागतात. मोबाइल मनीतून रोख काढताना ०.५ टक्के करही आहे, शिवाय एजंटचा आकार. कोडवर भरलं की काढायचा प्रश्नच येत नाही. कंपाला किंवा जिंजात राहणारे मराठी लोक असतील तर त्यांना फोनवरून हे दोन मिनिटांत करता येतं. फक्त कोड टाकल्यावर पडद्यावर मुलाचं आणि शाळेचं नाव येतं, ते वाचूनच पुढे जायचं.

रानजाई

पण एकाच मुलाला मदत करायची आणि घरातल्या बाकी तिघांनी बघत बसायचं, हे खटकतं. एका मुलाऐवजी सगळ्या गावासाठी काही करावं, असं नाही वाटत?

नाईलकाठ

खटकायलाच हवं. पण दोन्ही बाजूंना पुरावा आहे. ब्रूस विडिक आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या पालकत्व योजनेचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात युगांडा होता, भारतही होता. पालकत्व मिळालेली मुलं सरासरी १.०३ ते १.४६ वर्षं जास्त शिकली. हे लहान नाही. मात्र त्या योजनेत नुसते पैसे नव्हते, मुलं नियमित केंद्रावर यायची, तिथे शिकवणी, तपासणी, विचारपूस व्हायची.

दुसरीकडे मसाका-रकाई भागात 'सुऊबी' नावाचे प्रयोग झाले. सुऊबी म्हणजे आशा. एड्समुळे पोरकी झालेली मुलं आणि त्यांचं घर, दोघांच्या नावावर बँकेत बचत खातं, घराने जेवढं टाकलं त्याच्या प्रमाणात योजनेने भर घालायची, पैसे शिक्षणाला किंवा छोट्या धंद्याला. इथे घर फक्त घेणारं उरत नाही.

म्हणून संस्थेला विचारायचा माझा आवडता प्रश्न: 'त्या जाजासाठी काय करता?' चांगल्या संस्था आज्यांचे बचतगट चालवतात. पंधरा-पंचवीस जणी, लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरी. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. आपल्याकडच्या बचतगटातल्या बायकांना हे लगेच कळेल. एक बारकावा: बरेच गट डिसेंबरात पेटी फोडतात आणि पैसे नाताळात संपतात. वाटप जानेवारीच्या शेवटी ठेवलं की तेच पैसे शाळेला लागतात.

सनदशीर

जाजाच्या घराबरोबर जमिनीचं बघा. बाप गेला की काका येऊन केळीची बाग नावावर करून घेतो, हे तिथे सर्रास. युगांडाच्या वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर ७५ टक्के हिस्सा मुलांचा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने राहत्या घराचं संरक्षण आणखी पक्कं केलं. पण हक्क आपोआप हातात पडत नाही. मृत्यूचा दाखला, गावच्या एलसी-वन (ग्रामपरिषद) अध्यक्षाचं पत्र, ॲडमिनिस्ट्रेटर जनरलचं (मृतांच्या मालमत्तेचं बघणारा सरकारी अधिकारी) ना-हरकत पत्र आणि मग कोर्टाकडून व्यवस्थापनाचा अधिकार, एवढ्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे वारस नोंद राहिली की जे होतं तेच. फी भरणाऱ्या दहा संस्थांत एखादीच हे काम करते. ती सापडली तर तिला धरून ठेवा. बाग राहिली तर घर खातं, तुमचे पैसे थांबले तरी.

पाटीपेन्सिल

पत्र आणि फोटोंबद्दल थोडं.

मुलाला पत्र लिहा, पण 'आईबाबा कसे गेले' हे कधीच विचारू नका. मुलाला एचआयव्ही आहे का, हे संस्थेने तुम्हाला सांगता कामा नये आणि तुम्हीही विचारू नये. औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, ती बाजू संस्था सांभाळते. वसतिगृहातल्या मुलाला सत्रभराच्या गोळ्या बरोबर नेता येतात ना आणि शाळेतली नर्स त्या गुपचूप देते ना, एवढं तिने बघायचं. मुलाचं नाव, शाळा आणि चेहरा एकत्र फेसबुकवर टाकू नका. युगांडात २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे.

पार्सल पाठवू नका. कस्टममधून सोडवायला वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त पैसे आणि कंपालाची एक फेरी लागते. शिवाय एकाच मुलाला बूट आले की वर्गात व्हायचं ते होतं.

दर सत्राला प्रगतिपुस्तकाची प्रत मागा आणि तळाशी बघा: पुढचं सत्र सुरू होण्याची तारीख आणि फीची बाकी बहुधा तिथेच लिहिलेली असते. संस्था 'फी भरली' म्हणते आणि खाली बाकी दिसते, तर त्याच दिवशी मेल करा. पीएलईचा निकाल वाचताना गफलत होते. चार विषयांना प्रत्येकी १ ते ९ गुणांक, आणि कमी तो चांगला. बेरीज ४ सर्वोत्तम, ४ ते १२ पहिली श्रेणी. ११ बघून हळहळू नका, ती पहिली श्रेणी आहे.

रानजाई

माझी भाची दोन आठवडे तिकडे आश्रमात मुलांसोबत राहायला जायचं म्हणते. त्याचं काय?

नाईलकाठ

नको. दर पंधरवड्याला नवा माणूस जीव लावून निघून जातो, आणि ज्या मुलांची माणसं आधीच गेलीत त्यांना हे पुन्हा पुन्हा सोसावं लागतं. तिच्या विमानभाड्यात एका डे-स्कॉलरची दोन वर्षं निघतील. मुलांवर अत्याचाराचा संशय आला तर युगांडात ११६ ही मोफत बाल-हेल्पलाइन आहे, तीही लक्षात ठेवा.

देवराई

शेवटचा प्रश्न, किती वर्षं?

हिशेबवही

मूल पी-सिक्सला असताना घेतलंत तर एस-फोरपर्यंत सहा वर्षं. अठराव्या वर्षी बंद करणाऱ्या योजना टाळा. उशिरा शाळेत घातलेली मुलं अठराव्या वर्षी एस-टू, एस-थ्रीत असतात, ऐन मध्यात हात सुटतो. यूसीईनंतर शिवणकाम, मोटरसायकल दुरुस्ती, नळजोडणी अशा एक-दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा खर्चही आधीच बोलून ठेवा, सगळेच एस-सिक्सला जात नाहीत.

सहांपैकी एक-दोन जण गळतील हे धरून एका वर्षाची रक्कम मुदत ठेवीत बाजूला टाका आणि मगच मूल घ्या. संस्थेला हेही विचारा: मार्च २०२० ते जानेवारी २०२२ शाळा पूर्ण किंवा अंशतः बंद होत्या, तेव्हा देणगीदारांच्या पैशांचं काय केलंत? घरी धान्य पोचवलं, अभ्यासाचे कागद दिले, मुलींच्या घरी समाजसेवक जात होता, असं हिशेबासकट सांगणारी संस्था भरवशाची.

सनदशीर

वेळेचं लक्षात घ्या. संस्थेला कागद मागायची मेल आत्ताच टाका, उत्तराला तीन-चार आठवडे जातील. ए-२ फॉर्म आणि संस्थेच्या खात्याचा तपशील बँकेला पहिल्यांदा देताना शाखा दोन-तीन वेळा परत पाठवते. पैसे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघाले तर नाताळच्या सुट्ट्यांआधी पोचतील आणि फेब्रुवारीत सत्राच्या पहिल्या दिवशी मूल वर्गात असेल.

देवराई

मेल टाकतो. कागद आले की नावं झाकून इथे टाकीन, सनदशीर, तुम्ही नजर घालाल का?

सनदशीर

नक्की. परवान्याची मागची बाजूही स्कॅन करून मागवा, अटी तिथे असतात.